लिनक्सवर इंटरनेट चालत नाही: कुठे शोधावे, काय विचारावे, कसे सांगावे

लिनक्स नव्याने बसवलेल्या संगणकावर पहिली अडचण येते ती बहुतेक वेळा इंटरनेटची, आणि तिचा त्रास दुहेरी असतो, कारण उत्तर शोधण्याचे साधनच बंद पडलेले असते. मग ओळखीतल्या एखाद्या जुन्या वापरकर्त्याला फोन लावला जातो: महाविद्यालयातला वरच्या वर्गातला दादा, नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रणा सांभाळणारी मावसबहीण, नाहीतर इंदिरानगरात शेजारी राहणारे एखादे निवृत्त काका. फोन लागतो, तरीही बऱ्याचदा तासभर बोलून हाती काही लागत नाही. विचारणाऱ्याने ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितलेले असते आणि सांगणाऱ्याने त्यावर आठवेल ती कमांड दिलेली असते. बिघाड नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवले, तर उरलेले काम सहसा लहान असते. तो टप्पा शोधण्याची पद्धत पुढे दिली आहे, आणि ती विचारणारा व सांगणारा या दोघांनीही वाचावी अशी अपेक्षा आहे.

येथे कमांड आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत; टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहिण्याच्या खिडकीत, ते (वेगळे सांगितले नसेल तर) रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकित करावेत. उदाहरणे उबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन यांना धरून आहेत. फेडोरामध्येही जोडण्या सांभाळण्याचे काम नेटवर्कमॅनेजर हाच प्रोग्रॅम करतो, त्यामुळे बराचसा भाग तेथेही लागू पडतो.

आधी तात्पुरते इंटरनेट मिळवा

वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, नाही आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट नाही, या पेचातून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग खिशातच असतो. अँड्रॉइड फोन डेटा चालणाऱ्या यूएसबी केबलने संगणकाला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर असलेले ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्सला यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन हा तारेने जोडलेले नेटवर्क म्हणून दिसू लागतो आणि काही क्षणांत जोडणी होते. फोन स्वतः घरच्या वाय-फायवर असेल, तर पुष्कळ फोन तेच इंटरनेट संगणकाला पुरवतात आणि मोबाइल डेटा खर्च होत नाही. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, म्हणून टेदरिंगचा पर्याय फिकट दिसत असेल तर फोनला दोष देण्यापूर्वी केबल बदलून पाहावी.

जवळून दूर जाण्याची पद्धत

नळाला पाणी आले नाही की कोणीही थेट गंगापूर धरणाकडे धावत नाही. आधी घरातला कॉक पाहतो, मग गच्चीवरची टाकी, मग इमारतीची मोटर, आणि शेवटी महापालिकेला विचारतो. इंटरनेटच्या बाबतीतही हाच क्रम धरावा.

पहिली पायरी म्हणजे संगणकाला नेटवर्कचे उपकरण दिसते का हे पाहणे. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही कमांड दिली की उपकरणांची यादी आणि प्रत्येकाची स्थिती दिसते. तारेच्या उपकरणाचे नाव सामान्यतः ई या अक्षराने आणि वाय-फायचे डब्ल्यू या अक्षराने सुरू होते. वाय-फायची ओळच नसेल, तर प्रश्न ड्रायव्हरचा किंवा फर्मवेअरचा (उपकरणाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आहे आणि राउटरला हात लावण्याचे कारण नाही. ओळ आहे पण ‘अनअव्हेलेबल’ दिसते, तर ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड द्यावी. तिच्यात ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ पुढे होकार असेल, तर वाय-फाय सॉफ्टवेअरने बंद केलेले आहे आणि ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ या कमांडने ते सुरू होते. ‘हार्ड ब्लॉक्ड’ पुढे होकार असेल, तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा विमानाचे चिन्ह असलेली कळ दाबल्याशिवाय कोणतीही कमांड उपयोगी पडणार नाही.

दुसरी पायरी पत्त्याची. ‘आयपी ए’ या कमांडने संगणकाला मिळालेला आयपी पत्ता दिसतो. घरच्या राउटरकडून मिळालेला पत्ता बहुधा १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याचा अर्थ संगणकाने पत्ता मागितला, पण देणारा कोणी भेटला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला, असा आहे. काही संगणकांवर अशा वेळी पत्ता अजिबात दिसत नाही, अर्थ तोच. येथे राउटर बंद करून पुन्हा सुरू करणे योग्य ठरते. वाय-फायचा पासवर्ड नुकताच बदलला असल्यास जुनी जतन केलेली जोडणी पुसून नव्याने जोडावे.

तिसऱ्या पायरीवर राउटरपर्यंत पोहोचता येते का ते तपासावे. ‘आयपी रूट’ ही कमांड दिल्यावर ‘डिफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढे जो पत्ता येतो, तो राउटरचा. त्या पत्त्यावर ‘पिंग’ करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहावे, आणि उत्तरे येऊ लागली की कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून थांबवावे, कारण लिनक्समधले पिंग विंडोजप्रमाणे चार वेळा उत्तर घेऊन आपोआप थांबत नाही. राउटर उत्तर देत असेल, तर संगणक, ड्रायव्हर आणि वाय-फाय या तिन्ही गोष्टी बहुधा ठीक आहेत. नवखा माणूस नेमका येथे चुकतो: राउटरपुढची तार तुटलेली असते आणि तो मात्र संपूर्ण लिनक्स नव्याने बसवत बसतो.

चौथ्या पायरीवर ‘पिंग ८.८.८.८’ किंवा ‘पिंग १.१.१.१’ करावे. पहिला पत्ता गूगलच्या आणि दुसरा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, आहे. राउटर उत्तर देतो पण हे दोन्ही पत्ते देत नाहीत, तर दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी आहे. महाविद्यालयांच्या आणि कार्यालयांच्या नेटवर्कवर मात्र हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण तेथे पिंग मुद्दाम अडवलेले असू शकते, किंवा ब्राउझरमध्ये लॉगिन केल्याशिवाय काहीच बाहेर जात नाही.

पाचवी पायरी नावांची. आकड्यांच्या पत्त्यावर पिंग होते, पण एखाद्या संकेतस्थळाच्या नावावर होत नाही, तर दोष डीएनएसमध्ये आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या भागात डीएनएसचा ‘ऑटोमॅटिक’ पर्याय बंद करून १.१.१.१ हा पत्ता भरावा, जोडणी एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी, आणि नाव उघडते का ते पाहावे. सध्या कोणता डीएनएस वापरात आहे हे उबुंटूवर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या कमांडने कळते.

या पाच पायऱ्यांना काही मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. त्या केल्यानंतर ‘तिसरी पायरी चालते, चौथी अडते’ एवढे एक वाक्य जरी फोनवर सांगता आले, तरी समोरच्याचे अर्धे काम झालेले असते.

वाय-फायचे कार्डच दिसत नसल्यास

येथे थोडे थांबून वाचावे, कारण नव्या वापरकर्त्यांचा सर्वाधिक वेळ याच ठिकाणी जातो. लॅपटॉपच्या आतील कार्ड ओळखण्यासाठी ‘एलएसपीसीआय’ या कमांडला एन, एन, के ही तीन अक्षरे एका आडव्या रेघेनंतर जोडून द्यावीत. यूएसबीचा अडॅप्टर असेल तर ‘एलएसयूएसबी’ पुरेशी आहे. उत्तरात कंपनीचे नाव आणि चौकटी कंसात किंवा ‘आयडी’ या शब्दापुढे विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडलेला, चार-चार अक्षरांचा एक क्रमांक असतो. मदत मागताना हा क्रमांक सर्वांत मोलाचा आहे. खोक्यावरचे नाव सांगून उपयोग होत नाही, कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरच्या आत निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या चिप असू शकतात.

इंटेलची कार्डे बहुधा विनातक्रार चालतात. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या कार्डांना कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. उबुंटूमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ आणि मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ या खिडकीतून, फोनचे टेदरिंग चालू ठेवून, तो बसवता येतो. डेबियनची जुनी आवृत्ती असेल तर फर्मवेअर वेगळे बसवावे लागे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट आहे, म्हणून शक्यतो जुनी आयएसओ फाइल वापरू नये.

एम. जी. रोडवर सहज मिळणाऱ्या स्वस्त, नखाएवढ्या यूएसबी अडॅप्टरबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. त्यांपैकी काहींच्या आत विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो, आणि लिनक्सला जोडल्यावर ते वाय-फायऐवजी सीडी ड्राइव्ह म्हणून हजर होतात. ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचे साधन त्यांना योग्य रूपात आणू शकते, परंतु ज्याला टर्मिनलची ओळख कालच झाली आहे त्याने यात पडण्याऐवजी, विकत घेण्यापूर्वीच चिपचे नाव विचारून घेणे आणि ती चिप आपल्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आधीपासून चालते का याची खात्री करणे शहाणपणाचे आहे. बाहेरून उतरवून बसवलेला ड्रायव्हर कर्नलच्या पुढच्या अपडेटनंतर पुन्हा बंद पडू शकतो. तसे झाल्यास संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या निवडयादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडावा. वाय-फाय परत आले, तर दोष अपडेटमध्ये होता हे सिद्ध होते.

ड्रायव्हर बसवूनही कार्ड जागे होत नसेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे सिक्युअर बूट, संगणक सुरू होतानाची सुरक्षा तपासणी. ते चालू असताना स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारत नाही. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तो पुन्हा द्यायचा असतो. घाबरून तो पडदा टाळला की ड्रायव्हर निष्क्रिय राहतो. दुसरी गोष्ट विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवणाऱ्यांची: विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही, आणि काही वाय-फाय कार्डे लिनक्समध्ये अर्धवट झोपेतच राहतात. विंडोजमध्ये जाऊन हा पर्याय कायमचा बंद करावा.

अर्धवट चालणारे इंटरनेट

पूर्ण बंद पडलेल्या इंटरनेटपेक्षा अर्धवट चालणारे इंटरनेट शोधायला अवघड असते. काही संकेतस्थळे उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात, अशी तक्रार पीपीपीओई पद्धतीच्या, म्हणजे वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड देऊन जोडल्या जाणाऱ्या ब्रॉडबँडवर कधीकधी येते. इथरनेटवर एका पाकिटाचा सर्वसाधारण आकार १५०० बाइट असतो. पीपीपीओई त्यातील ८ बाइट स्वतःसाठी घेते आणि १४९२ उरतात. हा हिशोब राउटरने नीट सांभाळला नाही, की मोठी पाकिटे वाटेत हरवतात. तपासण्यासाठी ‘पिंग’ नंतर आडवी रेघ व मोठे एम, मग ‘डू’, मग आडवी रेघ व लहान एस, मग १४६४ आणि शेवटी १.१.१.१ असे लिहावे. १४६४ मध्ये शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. हा आकडा जातो आणि १४७२ जात नाही, तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १४९२ असा भरून पाहावा.

तारेने जोडूनही वेग ९४-९५ एमबीपीएसच्या पुढे सरकत नाही, मात्र योजना ३०० ची आहे, अशा वेळी लिनक्सवर संशय घेण्यापूर्वी केबल पाहावी. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला त्यांपैकी चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार तुटली वा टोकाशी नीट बसली नाही, तर दोन्ही बाजूंची उपकरणे निमूटपणे १०० वर उतरतात. ‘ईथटूल’ या कमांडला उपकरणाचे नाव दिले की ‘स्पीड’ पुढे १०० आहे की १००० हे दिसते. याच उत्तराच्या शेवटी ‘लिंक डिटेक्टेड’ पुढे नकार असेल आणि आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस विजांसह होऊन गेला असेल, तर पोर्ट जळलेला असण्याची शक्यता आहे. इमारतीच्या गच्चीवरून तांब्याची केबल घरात आणली असल्यास हा धोका अधिक असतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

वाय-फाय दर काही मिनिटांनी मंदावत असेल, तर कार्डाची वीजबचत बंद करून पाहावी. शेजाऱ्याला दिसणारे वाय-फाय आपल्याच लॅपटॉपला दिसत नसेल, तर देशाची सेटिंग तपासावी: २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अमेरिकेच्या सेटिंगवर ११ पर्यंतचेच चॅनल वापरले जातात आणि राउटर १२ किंवा १३ वर असेल तर तो सापडत नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ या कमांडने सध्याची सेटिंग दिसते. ती आय व एन या भारताच्या अक्षरांवर असावी, किंवा राउटरचाच चॅनल बदलावा.

जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ‘प्रमाणपत्र वैध नाही’ असे म्हणू लागले, तर आधी कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि त्या तारखेला प्रमाणपत्र अस्तित्वातच नसते. विंडोज आणि लिनक्स यांच्यात ये-जा करताना घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते, ते कारण वेगळे आहे: लिनक्स हार्डवेअरचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज स्थानिक वेळेवर, आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ या कमांडने दोघांत तडजोड घडवता येते.

प्रश्न कसा मांडावा

प्रश्नात पाच गोष्टी असाव्यात: कोणते लिनक्स व कोणती आवृत्ती, कार्डाचा क्रमांक, कोणत्या पायरीवर अडले, पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा, आणि शेवटचे सुरळीत चालल्यानंतर काय बदलले. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त वगळली जाते. ‘मी काहीच केले नाही’ असे सांगणाऱ्याने बहुधा आदल्या रात्री अपडेट केलेला असतो, किंवा घरात नवीन राउटर आलेला असतो.

टर्मिनलचा तिरका, चमकणारा फोटो पाठवण्याऐवजी मजकूर निवडून, कॉपी करून पाठवावा, म्हणजे समोरच्याला त्यातला शब्द शोधता येतो. संगणक मराठीत वापरत असल्यास त्रुटींचे संदेशही मराठीत येऊ शकतात. वापरायला ते उत्तम, मात्र तोच संदेश इंग्रजीत मिळाल्यास इतरांचे अनुभव शोधणे सोपे जाते. त्यासाठी कमांडच्या आधी मोठ्या अक्षरांत एल, सी, अंडरस्कोर, ए, एल, एल, मग बरोबरचे चिन्ह, मग मोठा सी असे लिहून एक जागा सोडावी.

पाठवण्यापूर्वी वाय-फायचा पासवर्ड, ब्रॉडबँडचे खाते आणि उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्क उपकरणाचा ओळख क्रमांक) झाकावा. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता झाकण्याची गरज नाही; तो घराबाहेर निरर्थक असतो, आणि झाकल्याने मदत करणाऱ्याचीच अडचण होते.

मदत करणाऱ्याने पाळायच्या गोष्टी

एका वेळी एकच बदल सांगावा आणि त्याचा परिणाम ऐकल्याशिवाय पुढचा सांगू नये. तीन कमांड एकदम दिल्या आणि इंटरनेट सुरू झाले, तर कोणत्या कमांडने ते झाले हे कोणालाच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येतो. आधी फक्त पाहणाऱ्या कमांड द्याव्यात, बदल करणाऱ्या नंतर. ‘सुडो’ ने सुरू होणारी, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालणारी, प्रत्येक कमांड काय करते हे एका वाक्यात सांगावे. सांगता येत नसेल, तर ती देऊ नये. नव्या वापरकर्त्यानेही हे स्पष्टीकरण मागण्यात संकोच मानू नये. ‘लिनक्स पुन्हा बसव’ हा सल्ला मला पळवाट वाटतो. त्याने कधीकधी काम होते, पण दोष कुठे होता हे कायमचे पुसले जाते.

फोनवरून कमांड सांगणे हे एक वेगळे कौशल्य आहे. ‘स्पेस’ कुठे आहे ते दर वेळी उच्चारावे, आडव्या रेघेला नेहमी ‘डॅश’ आणि खालच्या रेघेला नेहमी ‘अंडरस्कोर’ म्हणावे, एल हे अक्षर आणि एक हा आकडा यांतला फरक मुद्दाम सांगावा, आणि एंटर दाबण्यापूर्वी समोरच्याला ओळ वाचून दाखवायला लावावी. टर्मिनलमध्ये पासवर्ड टंकित करताना बऱ्याचदा पडद्यावर टिंबेही उमटत नाहीत, हे आधीच सांगितले नाही तर नवखा माणूस कीबोर्ड बिघडला असे समजून थांबतो.

दोष घराबाहेर असेल तेव्हा

चौथ्या पायरीवर अडले आणि घरातल्या फोनवरही तेच वाय-फाय चालत नसेल, तर लिनक्सचा विषय संपला. फायबरच्या उपकरणावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल दिसत असेल, तर प्रकाशाचा संकेत पोहोचत नाही, म्हणजे तंतू कुठेतरी तुटला किंवा दुमडला आहे. रस्ता खोदून ठेवलेल्या कॉलनीत याचे नवल वाटण्याचे कारण नाही. तो दिवा शांत आहे, ‘पॉन’ चा दिवा स्थिर हिरवा आहे आणि तरी इंटरनेट नाही, तर कंपनीकडील खात्याचा, बिलाचा किंवा पीपीपीओईच्या लॉगिनचा प्रश्न असू शकतो.

तक्रार नोंदवताना समोरची व्यक्ती विंडोजमधल्या खिडक्या उघडायला सांगेल आणि ‘लिनक्स आहे’ म्हटल्यावर संभाषण तेथेच अडकण्याचा संभव असतो. म्हणून दिव्यांची स्थिती, फोनवरही इंटरनेट नसणे आणि बंद पडल्याची वेळ, एवढेच सांगून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. संगणकावर कोणती प्रणाली आहे हा मुद्दा स्वतःहून काढू नये. जोडणी परत आली, की ज्याला फोन केला होता त्याला दोष कोणत्या पायरीवर निघाला तेही कळवावे, म्हणजे त्याच कॉलनीतून दुसरा फोन आल्यावर तो ड्रायव्हरपासून सुरुवात न करता आधी दिव्याचा रंग विचारेल.